मालक आपणच, मग मजुरी कोण देणार?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कोकणातून आलो आहोत. रायगड जिल्ह्यातले महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके आमच्या कामाचे. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी, आमच्याकडे भात आणि नाचणी. तुमच्याकडे वर्षाला सातशे ते नऊशे मिलीमीटर पाऊस, तोही मनात आले तर. आमच्याकडे तीन हजारांच्या वर. तुम्ही म्हणाल, एवढे पाणी असताना या लोकांचे रडगाणे कसले? पण एप्रिल-मे महिन्यात पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर येऊन बघा. टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली असते. पाऊस डोंगरावर पडतो, सावित्री नदीत उतरतो आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळतो. भात कापला की खाचरात जी ओल राहते, तिच्यावर कडवे वाल होतात, तेवढेच. म्हणजे तीन हजार मिलीमीटरचा शेतकरीसुद्धा कोरडवाहूच. तुम्ही ओलीवर रब्बी ज्वारी घेता, आम्ही ओलीवर वाल घेतो. आपले नाते इथून सुरू होते.

आजचा विषय स्वयंरोजगाराचा. हल्ली जो तो पुढारी गावात येतो आणि पोरांना सांगतो, "नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा." टाळ्या पडतात. पुढारी गाडीत बसून जातो. रात्री घरात पोरगा बापाला म्हणतो, "कापसात काही राहिले नाही. आपण फाट्यावर टपरी टाकू, नाही तर कर्ज काढून गाडी घेऊ." बापाला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. या मेळाव्याला येताना रस्त्यात आम्हाला तीन गावांत हाच प्रश्न विचारला गेला. महाड-पोलादपूरच्या लोकांनी हा प्रश्न तीन पिढ्यांपूर्वी सोडवायला घेतला. त्यांचे काय झाले, हे तुमच्यापुढे मांडायचे आहे. त्यातून काय घ्यायचे ते तुम्ही ठरवा.

चाकरमान्यांचा मुलूख

आमच्या भागात जमिनीचे तुकडे लहान, त्यात खोतीचा जाच. कूळ राबणार आणि पिकातला मोठा हिस्सा खोताच्या घरी जाणार. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला, तो याच जाचाविरुद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा झाला १९४९ साली. तोपर्यंत माणसे कंटाळून मुंबईला गेली होती. घरटी एक गडी गिरणीत, बायकामुले गावाला आणि महिन्याला मनीऑर्डर. काही घरांतले तरुण फौजेत गेले. महाड तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच फौजी आंबवडे पडले आहे.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यातल्या कितीतरी जणांना गिरणीचा भोंगा पुन्हा ऐकायला मिळाला नाही. मनीऑर्डर थांबली. गडी गावाला परत आले. शेत चार-पाच महिन्यांचे, घर बारा महिन्यांचे. महामार्गाच्या कडेला चहाच्या टपऱ्या, सलूनची दुकाने, पंक्चरची दुकाने, भाजीच्या गाड्या उभ्या राहिल्या. पुढे मिनीडोर आल्या. शेतकऱ्यांच्या पोरांनी त्या घेतल्या आणि वाड्यांवरची माणसे महाडच्या बाजारात आणायला सुरुवात केली. महाडला औद्योगिक वसाहत झाली, तिथे काहींना काम मिळाले. पण रसायनांच्या कारखान्यातले बरेचसे काम ठेकेदारामार्फत. आज बोलावले, उद्या नको म्हणाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन अकरा कामगार गेले. त्यानंतर वाड्यांवरच्या आया म्हणू लागल्या, "टपरी परवडली, पण ते काम नको."

सगळेच टपऱ्या टाकून सुखी झाले असे आम्ही सांगणार नाही. काही तरले, काही बुडाले. कोण तरले आणि कोण बुडाले, हे नीट बघितले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

टपरीचा हिशेब

आम्ही शेतीचे पदवीधर. एकरी उत्पादनखर्च काढायला आम्हाला शिकवले, टपरीचा खर्च काढायला कुणी शिकवले नाही. तो आम्ही टपरीच्या फळीवर बसून शिकलो. महामार्गावरच्या एका जोडप्याबरोबर बसून मांडला तसा हिशेब तुमच्यापुढे ठेवतो. आकडे सोयीसाठी गोळाबेरीज केले आहेत, पण मांडणी खरी आहे.

दिवसाला शंभर चहा, दहा रुपयांप्रमाणे १,००० रुपये. चाळीस वडापाव, पंधरा रुपयांप्रमाणे ६०० रुपये. गल्ल्यात आले १,६०० रुपये. त्यातून दूध, साखर, चहा पावडर, बटाटे, तेल, पाव आणि गॅस यांचे ९५० रुपये गेले. जागाभाडे आणि वीज यांचे १०० रुपये गेले. राहिले ५५० रुपये. नवरा-बायको दोघे पहाटे पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत उभे, म्हणजे दोघांचे मिळून अठ्ठावीस तास. तासाला पडले वीस रुपयेसुद्धा नाहीत. तोच गडी दुसऱ्याच्या शेतात आठ तास गेला तर ४०० रुपये आणतो, म्हणजे तासाला पन्नास.

मग हा मनुष्य वेडा आहे काय? पन्नास रुपये तासाचे काम सोडून वीस रुपये तासाला का राबतो? आम्हीही आधी असेच विचारले. त्याच्या बायकोने उत्तर दिले. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही दर बघता. आम्ही दिवस बघतो."

तिचा हिशेब असा. गावात मजुरीचे काम गड्याला वर्षात १२० दिवस मिळाले तर पुष्कळ, म्हणजे ४८,००० रुपये. बाईला ८० दिवस, २५० रुपये रोजाने २०,००० रुपये. दोघांचे मिळून ६८,०००. टपरी चालते ३०० दिवस. रोजचे ५५० धरले तर १,६५,००० रुपये. कर्जाचा हप्ता महिन्याला २,५०० म्हणजे वर्षाला ३०,००० गेला, तरी १,३५,००० राहिले. मजुरीच्या जवळजवळ दुप्पट. दर निम्म्याहून कमी, पण घरात येणारा पैसा दुप्पट. कारण काम रोज आहे.

भावांनो, अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकात जे शोधायला वेळ लागतो ते त्या बाईने एका वाक्यात सांगितले. गरीब माणूस स्वतःचा धंदा धरतो तो बहुतेक वेळा त्यात फार पैसा आहे म्हणून धरत नाही. दुसऱ्याने दिलेले काम वर्षभर पुरत नाही म्हणून धरतो. शेतीत चार महिने घाई आणि आठ महिने हात रिकामे. तुमच्याकडेही काय वेगळे आहे? वेचणी उरकली, पऱ्हाटी उपटली की मृगापर्यंत काय? त्या रिकाम्या दिवसांची किंमत ज्याला कळली, तो टपरी टाकतो.

लोक धंदा का धरतात?

पहिले कारण हे दिवसांचे. दुसरे कारण घराचे. टपरीवाली बाई दुपारी घरी जाऊन सासूला जेवायला वाढते, पोराला शाळेतून आणते, आवणीच्या दिवसांत सकाळी खाचरात जाऊन येते. कारखान्याच्या पाळीत हे जमत नाही. तिसरे कारण मानाचे. ते पैशात मोजता येत नाही, म्हणून सरकारी पाहणीत त्याला रकाना नसतो.

मानाविषयी बोलायला महाडइतके योग्य गाव दुसरे नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले. पाण्याची गोष्ट साऱ्या देशाला माहीत आहे. त्या परिषदेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती फारशी सांगितली जात नाही. वतनाच्या कामाबद्दल मिळणाऱ्या शिळ्या तुकड्यांवर जगू नका, स्वतंत्र शेती धरा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. गावकीचे काम करणाऱ्याला वाटेल त्या वेळी हाक मारली जात होती आणि त्या कामाचा दर ठरलेला नव्हता. आपले काम आपण ठरवायचे, त्याचे मोल आपण मागायचे, यात माणूस म्हणून उभे राहणे आले. म्हणून सांगतो, स्वतःचा धंदा हा विषय पोट भरण्यापुरता नाही. तो कुणाच्या हाकेला ओ द्यायची आणि कुणाच्या नाही, याचाही आहे.

चौथे कारण नाइलाजाचे. दुसरे काहीच मिळाले नाही म्हणून धरलेला धंदा. बाहेरून पहिल्या तिघांसारखाच दिसतो, आतून पोकळ असतो.

देशाच्या हिशेबात आपण कोण?

आता जरा देशाकडे बघू. सरकार दरवर्षी श्रमबलाची पाहणी करते. त्या पाहणीप्रमाणे २०१७-१८ साली देशातल्या काम करणाऱ्या शंभर माणसांपैकी ५२ स्वयंरोजगारी होती. २०२३-२४ मध्ये ती ५८ झाली. नियमित पगारावर २२ आणि रोजंदारीवर २०. स्वयंरोजगार वाढला की सरकार म्हणते, बघा, देश उद्योजकांचा झाला.

पण या ५८ जणांत कोण कोण मोजले आहे? टपरीवाला आहे, शिंपी आहे, मिनीडोरवाला आहे, दवाखाना काढलेला डॉक्टर आहे. आणि सर्वांत मोठा गट तुमचा आहे. स्वतःच्या रानात कापूस पेरणारा शेतकरी सरकारच्या वहीत स्वयंरोजगारीच असतो. तुम्हाला कुणी कधी उद्योजक म्हणून हार घातला काय? पुढारी तुमच्या पोराला सांगतो धंदा काढ. अहो, तो धंद्यातच जन्मला आहे. बाप धंदेवाला, आजा धंदेवाला. भांडवल घालतो, जोखीम घेतो, माल तयार करतो, बाजारात नेतो. फक्त त्याच्या धंद्यात एक गंमत आहे. मालाचा भाव दुसरा ठरवतो.

टपरीवाल्याने दुधाचा भाव वाढला म्हणून चहा आठाचा दहा केला. कुणाची परवानगी घेतली नाही. तुमच्या कापसाचे काय? २०२५ साली हंगाम तोंडावर असताना, १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि सवलत वर्षअखेरपर्यंत लांबवली. तुमचा कापूस घरात यायचा आणि बाहेरचा बंदरात उतरायचा, एकाच वेळी. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११० रुपये. कागदावर.

आता तुमच्या धंद्याचा हिशेब टपरीसारखाच मांडू. समजा, कोरडवाहू एक एकर. पाच क्विंटल कापूस आला आणि घरपोच व्यापाऱ्याने ७,००० रुपयांनी घेतला. हाती आले ३५,०००. बियाणे १,८००, खत ५,०००, फवारणी ४,०००, मशागत ४,०००, निंदणाची मजुरी ३,५००, वेचणी किलोला दहा रुपयांप्रमाणे ५,०००, वाहतूक आणि किरकोळ ७००. एकूण २४,०००. शिल्लक ११,०००. शेतकरी म्हणतो, एकरी अकरा हजार सुटले.

कसले सुटले? तुम्ही स्वतः त्या एकरात पंचवीस दिवस राबलात, ४०० रुपयांनी १०,०००. घरची लक्ष्मी तीस दिवस राबली, २५० रुपयांनी ७,५००. झाले १७,५००. म्हणजे ११,००० सुटले नाहीत, ६,५०० बुडाले. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज तर आपण धरलेच नाही. दुसऱ्याच्या रानात गेला असता तर जी मजुरी मिळाली असती, तीसुद्धा स्वतःच्या रानात मिळाली नाही. मालक आपणच, मग मजुरी कोण देणार? कुणीच देत नाही. बुडीत धंदा वर्षानुवर्षे चालतो तो या न दिलेल्या मजुरीवर.

देशाच्या अर्थव्यवस्थेत स्वयंरोजगाराचे स्थान काय, असे विचाराल तर आमचे उत्तर हे आहे. कारखाना तोट्यात गेला की टाळे लागते आणि कामगार बाहेर पडतात. शेत तोट्यात गेले तर टाळे लागत नाही. घर पोटाला चिमटा काढते आणि पुन्हा पेरते. शहराने ज्यांना बाहेर टाकले त्यांनाही हेच घर पोसते. १९८२ नंतर गिरणी कामगारांना महाड-पोलादपूरच्या खाचरांनी पोसले. २०२० साली टाळेबंदीत मुंबईहून पायी चालत आलेल्या चाकरमान्यांना त्याच खाचरांनी पोसले. स्वयंरोजगारी माणूस म्हणजे या अर्थव्यवस्थेच्या बैलगाडीचा आस आहे. सगळे ओझे त्याच्यावर, आणि वंगण घालायची आठवण कुणाला होत नाही.

तिचे नाव कुठे आहे?

मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी. त्याच सरकारी पाहणीत ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या शंभर बायांपैकी ७३ स्वयंरोजगारी दाखवल्या आहेत. त्यातल्या पुष्कळ जणींच्या नावापुढे शेरा असतो, घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. पहाटे पाचला चूल पेटवणारी ती, वडे तळणारी ती, कापूस वेचणारी ती, आणि वहीत मदतनीस. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला लाखांनी जमल्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. ते काम अर्धे राहिले आहे. घरात नवा धंदा काढाल तर परवाना, बँकेचे खाते आणि गल्ला यांवर तिचे नाव घाला. आमच्या भागात जे धंदे टिकले, त्यातल्या बहुतेकांचा गल्ला बाईच्या हातात होता, हे आम्ही डोळ्यांनी बघितले आहे.

जोखीम कुणाच्या डोक्यावर?

आता बुडालेल्यांविषयी. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच दिवसांत सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. दुकानेच्या दुकाने बुडाली. पाणी उतरल्यावर रस्त्यावर चिखलात काय पडले होते? भिजलेले कापड, फुगलेले तांदूळ, शिवणयंत्रे, वडे तळायच्या कढया. नोकरदाराचाही संसार भिजला, पण त्याचा पुढच्या महिन्याचा पगार भिजला नाही. धंदेवाल्याचा माल भिजला, हत्यार भिजले आणि पुढच्या महिन्याची कमाईही भिजली. कर्जाचा हप्ता मात्र कोरडा राहिला, तो वेळेवर दारात आला.

संकट दरवेळी पाण्याचेच असते असे नाही. पोलादपूरहून खेडकडे जाताना कशेडीचा घाट लागतो. घाट चढून गाड्या थांबायच्या, लोक चहा प्यायचे. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीचा बोगदा अंशतः सुरू झाला. चाकरमान्यांचा वेळ वाचला, चांगले झाले. पण घाटातली टपरी आता वाटेवर राहिली नाही. टपरीवाल्याची काहीएक चूक नसताना त्याचे गिऱ्हाईक डोंगराखालून निघून गेले. तुमच्या बोंडात अळी शिरते, तसेच हे.

या तडाख्यांतून तरले कोण? ज्यांच्या बुडाखाली दुसरा काही आधार होता ते. कुणाला फौजेची पेन्शन, कुणाचा भाऊ मुंबईत नोकरीला, कुणाच्या घरात वर्षाचे तांदूळ. बुडाले ते, ज्यांनी जमीन गहाण टाकून किंवा आठवड्याच्या हप्त्याचे महागडे कर्ज काढून सगळे एकाच गाडीवर लावले. हुशारीत दोघांत फरक नव्हता. एक वाईट वर्ष सोसायची ताकद एकाकडे होती, दुसऱ्याकडे नव्हती.

कापसाच्या मुलखात काय करायचे?

तुमच्याकडे मुंबई-गोव्याचा महामार्ग नाही आणि मनीऑर्डरही नाही. म्हणून आमची नक्कल करू नका. पण चार गोष्टी घेऊन जा.

पहिली गोष्ट, गिऱ्हाईक आधी, कर्ज नंतर. १९८० च्या सुमारास सरकारने एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गावोगाव म्हशी वाटल्या. चारा कुठून येणार आणि दूध कोण घेणार, हे फारसे कुणी विचारले नाही. कित्येक ठिकाणी म्हैस गेली, कर्ज राहिले. फाट्यावर आठ दिवस बसा. किती माणसे उतरतात, किती थांबतात, काय विकत घेतात, हे वहीत लिहा. एका फाट्यावर चार टपऱ्या असतील तर पाचवी टाकणारा स्वतःही बुडतो आणि चौघांनाही बुडवतो.

दुसरी गोष्ट, जे रानात आहे तिथून सुरुवात करा. शेगावच्या मेळाव्यात १९९१ साली शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. त्यातली माजघर शेती म्हणजे रानातला माल घरात थोडा घडवून मग विकायचा. ज्वारी पोत्यात विकली तर बाजार सांगेल तो भाव. तीच हुरड्याच्या दिवसांत शहराजवळच्या शिवारात हुरडा म्हणून, किंवा पीठ, पापड, लाह्या म्हणून विकली तर बोलणी तुमच्या हातात येतात. कापसाच्या एका क्विंटलात साधारण तिसरा हिस्सा रुई आणि बाकीची बहुतेक सरकी. ती सरकी गावाबाहेर जाते, तिचे तेल दुसरा काढतो आणि ढेप होऊन ती तुमच्याच गोठ्यात विकत परत येते. एकट्याने जिनिंग काढायचे स्वप्न बघू नका, ते भांडवल मोठे आहे. पण दहा घरांनी मिळून सरकी राखणे, ढेप एकत्र विकत घेणे, यात कर्ज लागत नाही.

तिसरी गोष्ट, सातबारा धंद्याला बांधू नका. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तिच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय देण्याची तरतूद आहे. बँकेत कुणी तारण मागितले तर नियम दाखवायला सांगा, आणि चौघे मिळून जा. पीककर्ज काढून गाडी घेऊ नका. गाडी चालली नाही तर पीकही जाते. आणि घरचे दाणे पिकवणारा रानाचा एक तुकडा कधी सोडू नका. आमच्याकडे वाईट वर्षात माणूस त्यावरच तगला.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वही घाला. धंदा टपरीचा असो की कापसाचा, आपली आणि बायकोची मजुरी खर्चात लिहा. मजुरी सुटत असेल तर तो धंदा. सुटत नसेल पण दिवस भरत असतील तर तो तात्पुरता आसरा, दुसरे शोधेपर्यंत. मजुरीही सुटत नाही आणि दिवसही भरत नाहीत, तर ती आपणच आपल्यावर लादलेली वेठ. ती बंद करण्यात लाज नाही.

मागायचे काय?

आम्ही भीक मागायला उभे नाही. म्हैस नको, शिलाई मशीन नको, पुढाऱ्याच्या हातून फोटो काढून घेतलेला धनादेश नको. मागायचे ते एवढेच.

एक, हमीभाव ठरवताना कृषिमूल्य आयोग घरच्या माणसांची मजुरी धरतो, ती साध्या मजुराच्या दराने. शेतकरी राबतो तसा कारभारही बघतो. काय पेरायचे, केव्हा फवारायचे, कुठे विकायचे हे तो ठरवतो. कारखान्यात याच कामाला व्यवस्थापक म्हणतात आणि त्याला पगार देतात. जमिनीचा खंड, भांडवलाचे व्याज आणि कारभाराचा मोबदला धरून खर्च काढा, आणि निदान बाजार पाडू नका.

दोन, वाटेतले अडथळे काढा. बांबूचे उदाहरण घ्या. १९२७ च्या वनकायद्याने बांबू हे झाड ठरवले. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायला शेतकऱ्याला आणि टोपल्या विणणाऱ्याला वनखात्याच्या पासाचा जाच सोसावा लागला. वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढायला २०१७ साल उजाडले. नव्वद वर्षे लागली. असे किती बांबू अजून अडकले आहेत, ते प्रत्येक गावाने शोधून मेळाव्यात मांडावे.

तीन, पूर, दुष्काळ किंवा सरकारच्या निर्णयाने धंदा बुडाला तर त्या काळाचा हप्ता थांबला पाहिजे आणि व्याजही थांबले पाहिजे. जोखीम आम्ही घेतो. पण दुसऱ्याने केलेल्या नुकसानीची जोखीम आमची नाही.

भावांनो, मायबहिणींनो, महामार्गावरची ती बाई आजही पहाटे पाचला चूल पेटवते. गेल्या खेपेला आम्ही तिच्याकडे चहा प्यायला गेलो तेव्हा तिने फळीखालून शाळेची जुनी वही काढून दाखवली. एका रकान्यात दूध, साखर, गॅस. दुसऱ्या रकान्यात "माझे" आणि "यांचे", आणि त्यापुढे रोजची मजुरी. महिनाअखेरीला बेरीज उणे येत होती. तरी ती हसली आणि म्हणाली, "आधी वाटायचे आम्हीच कुठेतरी कमी पडतो. आता कळले, नेमके कुठे कमी पडते ते." दुसऱ्याच दिवसापासून तिने वडापाव पंधराचा अठरा केला. दोन गिऱ्हाइके कुरकुरली. एक गेले, एक राहिले.

तिला ते करता आले, कारण भाव तिच्या हातात होता. आपल्या कापसाचा भाव आपल्या हातात यायचा आहे. त्यासाठी आधी आपल्या घामाची किंमत आपल्याला माहीत पाहिजे. आज घरी गेल्यावर पोराच्या दप्तरातली एक कोरी वही मागून घ्या. पहिल्या पानावर दोन नावे लिहा, घरधन्याचे आणि घरधनिणीचे. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही बरोबर आणा. शंभर गावांच्या वह्या एकत्र ठेवून बोलायला बसलो, तर समोरच्याला आपले ऐकावेच लागेल.